बारीक सूत

"हे सूत कोणाचं?" तपासणीला आलेल्या साहेबांनी लडी उजेडात धरून विचारलं.

चौथीच्या पोरांनी टकळीवर कातलेल्या बावीस लड्या टेबलावर मांडल्या होत्या. एकवीस सुतळीच्या सख्ख्या बहिणी. ही एकच बारीक आणि एकसारखी.

"द्वारकेचं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. शाळा सुरू झाल्यापासून ही पोर त्यांच्या डोक्याला ताप होती. पाढे तिसापर्यंत तोंडपाठ. पण लिहायला बसवलं की अक्षरं एकमेकांवर चढायची, दौत सांडायची. बाई तिला आळशी म्हणायच्या. बापानं, भाऊरावानं, तर सांगूनच टाकलं होतं, औंदा नापास झाली की शाळा बंद. तेवढे सूतकताईचे गुण तिला तारणार होते. आणि ते सूत तिची आई, भिमाबाई, घरी कातून द्यायची, हे फक्त त्या दोघी मायलेकींना ठाऊक.

"ये बाळ, कातून दाखव."

द्वारका पुढे आली. उजव्या हातानं टकळी फिरवायची, त्याच वेळी डाव्या हातातला कापसाचा पेळू हळूहळू सोडायचा. तिचा एक हात कामाला लागला की दुसरा काम विसरायचा. सूत तुटलं. तिनं जोडलं, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा टकळीच घरंगळत साहेबांच्या बुटापाशी गेली. तिनं दाराकडे पाहिलं. दारात शिपाई उभा होता.

"घाबरली," साहेब हसले. "नाही का हो बाई?"

बाईंनी लडीकडे पाहिलं, मग द्वारकेच्या बोटांकडे. त्यांना कळायचं ते कळलं. पण साहेबांचा शाळेबद्दलचा शेरा अजून लिहून व्हायचा होता.

"हो साहेब. घाबरली."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. गांधी जयंतीला मलकापूरला तालुक्याची सूतकताईची स्पर्धा होती, तिथं शाळेतर्फे द्वारका जाणार. पोरांनी टाळ्या वाजवल्या. द्वारकेला रडूही आलं नाही.

घरी भिमाबाई पेळू घेऊनच बसली होती. द्वारकेनं सगळं सांगितलं.

"माय, तिथं समद्यायसमोर काताचं हाय. आठच दिवस राह्यले."

"मी येतो ना तुह्यासंग."

"तू येशीन. हात तं माह्येच राहतीन ना."

भिमाबाईनं तिला मांडीशी घेतलं. लेकीची बोटं आपल्या बोटांत धरून टकळी फिरवली. सूत लांबच लांब निघत गेलं, बारीक, एकसारखं. मग तिनं हळूच आपले हात काढून घेतले.

सूत तुटलं.

भिमाबाई त्या तुटलेल्या टोकाकडे पाहत राहिली.

"माह्यंच चुकलं, पोरी," ती म्हणाली. "जरा जाडंभरडं काताले पाह्यजे होतं."