खाडीकडचा बांध

श्रीलंकेच्या लढाईवरून काशीरामचं पत्र गोराईला पोचलं, तोवर शेवंतीने भात कापून, झोडून कणगीत भरलंही होतं. पत्रात मात्र काळजीच काळजी. कापणीला माणसं मिळतील का, आईचा दमा कसा आहे, खाडीकडचा बांध फुटला तर? शेवटी लिहिलं होतं, "माझ्यावाचून निभेल ना गं?"

शेवंतीने तिथल्या तिथे उत्तर लिहून सासूला वाचून दाखवलं. "भात घरात आलं. आई बऱ्या आहेत. पण बांध फुटलाय, तो तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला जमायचा नाही."

"अगो, बांध तर तू परवाच घातलास! मग खोटं कशाला?"

शेवंतीने पाकीट चिकटवलं. "सगळं निभतंय म्हणून कळवलं, तर तिकडे जिवाला जपतील कशाला?"