तारेतली लाट

शाहू महाराजांच्या राज्यातली गोष्ट. पाखरं हुसकायला कल्लाप्पानं मचाणापासून खोपीपर्यंत तार ताणली होती. कालपासून त्याचा अन् खोपीत रांधणाऱ्या बायकोचा, रत्नाबाईचा अबोला. जैनाचं घर, दिवस बुडाल्यावर जेवायचं नाही; अन् दिवस तर कलत आलेला. पण आधी बोलायचं कुणी?

मचाणावर बसल्या बसल्या त्यानं तारेला टिचकी मारली. लाट खोपीच्या खांबापर्यंत पळाली अन् माघारी येऊन बोटाला थडकली. त्याला गंमत वाटली. पुन्हा मारली, पुन्हा आली. मग मारली ती मात्र आलीच नाही. तार तर तशीच ताठ!

तो उतरून खोपीकडं पळाला. "अगं, आत्ताची लाट गेली कुठं?"

तारेवरची मूठ सोडत रत्नाबाई हसली. "धरली की म्या! अन् आधी तुम्हीच बोललासा. चला, ताटं कवाच वाढल्यात."