काळा डेस्कटॉप

नवरा गेल्यापासून बोरगाव मेघेतलं डीटीपीचं दुकान मोहिनी एकटीच चालवत होती. दीर निकेश मात्र रोज दुपारी येऊन दारातल्या स्टुलावर बसायचा.

"वहिनी, दुकान मले देऊन टाका. तुमच्यानं नाई होत हे."

ती आपलं काम करत राहायची. त्या दुपारीही तिने कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली आणि लिनक्सचा डेस्कटॉप अपडेट करायला घेतला.

अपडेट संपलं. नवा डेस्कटॉप उघडला, तो नुसता काळाभोर. मॉनिटरच्या काचेत तिला आपल्या पाठीमागचं दुकान दिसलं. शटर खाली ओढलेलं होतं आणि निकेश तिच्या खुर्चीमागे उभा होता.

तिने दचकून मागे पाहिलं. शटर उघडंच होतं. निकेश स्टुलावर पेपर वाचत होता.

"काऊन पाहून राह्यल्या?"

"काही नाई, भाऊजी."

ती पुन्हा वळली. काचेतला निकेश आता तिच्या मानेवर वाकला होता.

तेवढ्यात पाठीमागे शटर खडखडत खाली आलं. दुकानातलं ऊन गेलं. पावलं जवळ येऊन थांबली.

"वहिनी, शेवटचं विचारून राह्यलो."

मोहिनीला मागे वळवेना. तिने काचेत पाहिलं. काचेत ती कुठेच नव्हती; तिच्या खुर्चीवर निकेश बसला होता.