निर्गंध

तिसरी बाटली हुंगून झाल्यावर कवीने रुमालात नाक शिंकरले, रुमाल उघडून आत पाहिले आणि तो पुन्हा खिशात कोंबला. काचेपलीकडे उभ्या असलेल्या बाईंनी तोंड फिरवले.

शहराचे पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत यंत्रे भरपूर होती, पण वास ओळखणारे यंत्र एकही नव्हते. ते काम तीन नाके करीत आणि त्या नाकांवर बाईंची हुकमत चाले. थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. घरी त्यांचे कशावरही एकमत होत नसे. इथे मात्र गेल्या दोन महिन्यांत त्यांचा एकही शब्द वेगळा पडला नव्हता. तिसरे नाक कवीचे. जन्मात त्याने कविता केली नव्हती. तक्रार विभागातून बदली होऊन आल्यावर आठवडाभरात हे नाव त्याला चिकटले.

पद्धत साधी होती. आधी तुलनेचे पाणी हुंगायचे, मग नमुना; आणि छापील तक्त्यातल्या आठ शब्दांपैकी एकावर खूण करायची. फरक जाणवला नाही तर ‘निर्गंध’. तुलनेचे पाणी दर सोमवारी बाई स्वतः तयार करीत. नळाचेच पाणी, कोळशाच्या नळकांड्यातून गाळलेले. कोळसा कधी बदलायचा हे त्यांचे नाक ठरवी, आणि त्या नळकांड्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

कवी तुलनेच्या पाण्याचे भांडे बाजूला सारी. ते हुंगले की आपले नाक बिघडते, असे त्याचे म्हणणे. शिवाय तो तक्त्याच्या समासात काहीबाही लिही. ‘कुबट’ या शब्दावर त्याचा फार जीव होता. बाईंनी एकदा त्याला बोलावून या शब्दाचा नेमका अर्थ विचारला. तेव्हा त्याने एका हिवाळ्याची हकीकत सांगितली. छत गळत होते, घरात एकच रजई होती, ती कधी वाळली नाही, आणि धाकटा भाऊ तिच्याखाली खोकत असे. शेवटी रजई त्याच्याबरोबरच गेली.

“कुबट म्हटलं की मला तो खोकला ऐकू येतो, बाई.”

“खोकल्याला वास नसतो,” बाई म्हणाल्या.

अशा शब्दांची त्यांना शिसारी येई. प्रत्येक जण आपल्या आठवणींचा शेंबूड शब्दाला पुसणार आणि तो शब्द दुसऱ्याने वापरायचा. दोन महिने लोकांची पत्रे येत होती, त्यांतही हाच प्रकार. पाण्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो; मेलेल्या पालीचा येतो; एकीने तर आजारी सासऱ्याच्या पायमोज्यांचा लिहिला होता. ती पत्रे बाई चिमट्याने उचलीत आणि प्रत्येकाला एकच उत्तर धाडीत : तपासणीत पाणी निर्गंध आढळले.

तो शब्द त्यांचा लाडका होता. हे त्या कोणापाशी कबूल करीत नसत. त्यांचे बालपण कातड्यांच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत गेले होते. गोदामाचा वास वेण्यांत मुरलेला, वह्यांत मुरलेला. वर्गात त्यांच्या शेजारची जागा सातवीपर्यंत रिकामी राहिली. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी अहवालावर ‘निर्गंध’ लिहिले. शब्द पाण्याबद्दल होता. त्यांनी तो स्वतःला लावून घेतला.

तसे हल्ली त्यांना सगळ्याचाच वीट आला होता. हिवाळ्यातल्या एका लांबलेल्या सर्दीनंतर घरी जेवणही नकोसे झाले होते. बहिणीच्या हाताची चवच गेली होती आणि बहीण ते मान्य करायला तयार नव्हती.

आज मात्र निकाल लागणार होता. पत्रे खरी असतील तर अख्खे शहर नासके पाणी पीत होते आणि बाईंची सही खोटी होती. पत्रे खोटी असतील तर त्यांचीच री ओढणाऱ्या कवीला परत तक्रारींच्या ढिगात पाठवायचे. तसा आदेश टंकून तयार होता. म्हणून बाईंनी सापळा लावला होता. पाचही बाटल्यांत एकच पाणी होते. त्यांचे स्वतःचे, तुलनेचे.

अकराच्या सुमारास त्यांनी तक्ते प्रयोगशाळेच्या साहेबांच्या टेबलावर ठेवले. जावांनी पाचही ठिकाणी ‘निर्गंध’वर खूण केली होती. कवीने पाचही ठिकाणी ‘कुबट’वर, आणि शेवटच्या समासात लिहिले होते : आज खोकला फार.

बाईंनी बाटल्यांचे गुपित सांगितले. कवीने मान खाली घातली. साहेब हसले, आदेशावर सही करायला त्यांनी पेनाचे टोपण काढले. मग, बरीच वर्षे फायलींखेरीज काही हुंगले नसल्यामुळे असेल, त्यांनी सहज एक बाटली उघडून नाकाशी नेली.

त्यांची खुर्ची करकरत मागे सरकली.

“अहो, हे काय आहे?” तोंडावर हात धरून त्यांनी विचारले.

जावांनी एकमेकींकडे पाहिले.

“नेहमीचंच आहे की, साहेब,” थोरली म्हणाली. “याच्याशीच तर ताडून बघायचं असतं.”

“नळालाही हाच वास येतो,” धाकटी म्हणाली. “म्हणून फरक नाही असं लिहितो. हा वास म्हणजे शून्य, असंच शिकवलंय आम्हाला.”

बाईंनी साहेबांच्या हातून बाटली घेतली. नियमाप्रमाणे हलवली, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. दुसरी उघडली. तिसरी. पाचवीशी त्या बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी ती बाटली टेबलावरून कवीकडे सरकवली.

“कसा येतोय,” त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “ते मला सांगा. सावकाश. तुमच्या शब्दांत.”