पंपाची गुणगुण

सरनोबतांची जुनी लाल स्पोर्ट्स कार आज देवळासमोर सुरूच होईना. रोज ऐन कीर्तनात तिचं इंजिन घुमवून ते बुवांचा आवाज बुडवायचे.

“मेस्त्री, टाळ ठेवा अन् गाडी बघा!”

मी मागच्या सीटला कान लावला. “चावी फिरवा. सीटखालचा फ्युएल पंप गुणगुणला पाहिजे.”

“गुणगुणतोय का?”

“एवढ्या गजरात कसं कळणार, साहेब? कीर्तन संपू द्या. तोवर देवळात बसा.”

ते चरफडत मांडी घालून बसले. बुवांचं आख्यान संपता संपेना. साहेबांच्या पायांना मुंग्या आल्या, तसा माझा टाळ चढत गेला.

शेवटी आरतीचं तबक मीच त्यांच्यापुढे धरलं. निरांजनाशेजारी पंपाला वीज देणारा रिले होता, संध्याकाळी गाडी देवळासमोर लागताच मी काढलेला.

“घ्या साहेब, प्रसाद.”