जागा सोडून राव

“अज्जीनं नाव विचारलं तर नुसतं राव सांग. बाकी काही बोलायचं नाही,” भुजंग रावांनी लेकीला पुन्हा बजावलं.

“अप्पा, त्याचं नाव खरंच राव आहे,” वनजा म्हणाली. “आपण खोटं कुठं बोलतोय?”

तेही खरंच होतं. मिंग हेब्बाळच्या कंपनीत वनजाबरोबर कामाला होता, मलेशियाच्या ऑफिसातून आलेला, आणि आडनावानं राव. त्या आडनावाचा सगळा इतिहास वनजानं बापाला ऐकवला होता. हे राव मूळ चीनच्या हुबे प्रांतातले. पोटामागं देशोदेशी पांगले. अक्षर एकच, पण हाँगकाँगात त्याचं यिउ झालं, व्हिएतनामात न्यिउ. मिंगचे पणजोबा मलायात उतरले तेव्हा त्यांनी मात्र राव ते रावच ठेवलं. “आपल्यासारखेच की!” म्हणून वनजा खूप हसली होती. भुजंग रावांना काही हसू आलं नव्हतं.

भीती अम्माची, म्हणजे भुजंग रावांच्या आईची होती. सरस्वतीबाईंच्या घरात चीनचं नाव निघत नसे. टीव्हीवर सीमेची बातमी लागली की त्या उठून देवघरात जात आणि त्या दिवशी जेवत नसत. “लढाई लागली आणि त्यांना नेलं,” नवऱ्याबद्दल त्या एवढंच सांगायच्या. बासष्ट साली भुजंग पोटात होता. पुढं शिवमोग्ग्यातला संसार आवरून, तान्हं मूल घेऊन त्या म्हैसूरला आल्या आणि शिवणयंत्र चालवून त्यांनी मुलाला मास्तर केलं. सरकारदरबारी कधी काही मागितलं नाही. कुंकूही पुसलं नाही.

वडिलांचा गणवेशातला एखादा फोटो असता तर बरं झालं असतं, असं भुजंग रावांना फार वाटायचं. फोटो नव्हता. तरी शाळेत दर पंधरा ऑगस्टला ते वडिलांविषयी भरभरून बोलायचे. अशा माणसाच्या घरात चिनी जावई आणायचा! नुसत्या विचारानं त्यांना घाम फुटत होता.

त्यातल्या त्यात आधार होता तो ‘राव’चा. म्हैसूरच्या मराठी मंडळींत रावांना काय तोटा? दामोदरराव, अंबाजीराव, सयाजीराव. फक्त त्यांचा राव नावाला चिकटलेला आणि पुढं कुणी माने, कुणी घोरपडे. भुजंग राव तेवढे सुटे. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी चुकून मधे जागा सोडली, असं ते सगळ्यांना सांगत. लग्नकार्यात कुणी फारच खोदून आडनाव विचारलं तर अम्मा म्हणायच्या, “राव म्हणजे रावच.” पुढं विचारायची कुणाची छाती होत नसे.

आई गेल्यावर वनजाला अज्जीनंच वाढवलं होतं. “अज्जी नको म्हणाली तर मी हे लग्न करणार नाही,” असं तिनं बापाला स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे सगळं काही आजच्या जेवणावर येऊन ठेपलं होतं. आठवड्यातून एकदा केली तरी पुरणारी दाढी भुजंग रावांनी आज सकाळी दोनदा केली.

मिंग आला. चपला बाहेर काढून आत आला आणि वनजानं शिकवल्याप्रमाणे वाकून पाया पडला. सरस्वतीबाईंनी त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि बराच वेळ पाहिलं.

“दात चांगले आहेत,” त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

जेवायला त्यांनी स्वतः वाढलं. बिसिबेळेभात, वर तूप, शेवटी चिरोटे. “अय्यो, किती कमी खातोय! वाढ की गं त्याला. आणि पाणी गरमच दे, गार नको.” मिंग हसून मान डोलवत होता. वनजाचा चेहरा उजळला. भुजंग रावांनाही आता घास गोड लागू लागला. आपण उगीचच घाबरलो, वयानं अम्मा निवळली, असं त्यांच्या मनात आलं.

“नाव काय म्हणालं ह्याचं?” सरस्वतीबाईंनी विचारलं.

“राव, अज्जी,” वनजा झटकन म्हणाली. “आपल्यासारखंच!”

सरस्वतीबाईंचा वाढता हात थांबला.

“लिहून दाखव म्हणावं.”

वनजानं सांगितलं तसं मिंगनं पेल्यात बोट बुडवलं आणि टेबलावर इंग्रजीत तीन अक्षरं काढली.

“हे नको. त्यांच्या घरात लिहितात तसं.”

भुजंग रावांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणजे अम्मानं ओळखलं होतं! मिंगनं वनजाकडे पाहिलं. मग पुन्हा बोट ओलं करून त्यानं सावकाश एकेक रेघ ओढली. पाण्याचं ते अक्षर टेबलावर चमकत राहिलं. ते वाळेपर्यंत सरस्वतीबाई त्याच्याकडे बघत होत्या.

“बेड, नको, भुजंग,” त्या म्हणाल्या. “हे लग्न नको.”

वनजा रडवेली झाली. भुजंग रावांनी आजवर आईपुढं आवाज चढवला नव्हता. आज त्यांच्यानं राहवलं नाही.

“अम्मा, लढाई होऊन किती वर्षं झाली! ह्या पोराचा त्यात काय गुन्हा? चिनी आहे म्हणून तू त्याला...”

“सुम्ने, उगीच काहीतरी बोलू नको. चिनी आहे म्हणून कोण नको म्हणतंय?” सरस्वतीबाई पदरानं टेबल पुसत होत्या. “तुझे वडील दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर हेच अक्षर काढायचे. सगोत्रात मुलगी देतात होय रे?”