गाळलेलं कडवं

यरुशलेमच्या मंदिरातला कवी जक्कूर राजाच्या लग्नासाठी रचलेलं स्तोत्र गाऊ लागला. परमेश्वरानं राजाला दिलेल्या सिंहासनाचं कडवं झालं, तलवारीचं झालं. पण शत्रूंच्या काळजात घुसणाऱ्या बाणांचं कडवं त्यानं गाळलं. आदल्या दिवशी तालमीत ते ऐकून परदेशी नवरीनं त्याला विचारलं होतं, "ही कुठली लढाई?" त्यानं नाव सांगताच ती म्हणाली होती, "तिथंच माझा भाऊ पडला."

"बाण कुठं गेले?" स्तोत्र आधी ऐकलेल्या राजानं दरडावलं.

तेवढ्यात नवरी उठली आणि तिनं ते कडवं एकही शब्द न चुकता गायलं. राजा खूश झाला. "हेच कसं गं पाठ केलंस?"

"महाराज, माझ्या घरचं माणूस या एकाच कडव्यात आहे."